डोहातली माणसं

कोल्हार, ता. ११ जानेवारी १९७२

गोरक्ष,

अक्षर ओळखलं असशील. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच, ओळी वरखाली गेल्या तर हसू नको. आजवर तुझ्या कार्डांना उत्तर सोसायटीतल्या कारकुनाकडून लिहून घेत होते. पण या वेळचं त्याला सांगण्यासारखं नाही.

तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं. नागापूरच्या कारखान्यात कायम झालास, खोली घेतलीस, बरं वाटलं. कार्डात माझी तब्येत विचारलीस, म्हैस व्याली का विचारलंस. तात्यांचं नाव नाही. पोळ्यानंतर तू गेलास त्याला दीड वर्ष होत आलं, एकाही कार्डात नाही. मी कार्ड मोठ्यानं वाचते तेव्हा ते ओट्यावर बसून ऐकतात आणि शेवटी "बरं" म्हणून उठतात. एकदोनदा मी मनानंच घातलं, की गोरक्षानं तात्यांना नमस्कार सांगितलाय. पण वाचताना माझा सूर बदलतो, त्यांना कळतं.

तात्यांचे पाय सुजले आहेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. डोळे हळदीसारखे पिवळे झालेत. दोन घास खाल्ले की पुरे म्हणतात, आणि पोट मात्र वाढत चाललंय. हातापायांच्या काटक्या झाल्या. पुलावरून डोहात उडी टाकणारा माणूस आता अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा टेकतो.

डॉक्टरला दाखवलं. त्यानं पोटावर बोटं वाजवून पाहिली आणि मला बाहेर बोलावलं. म्हणाला, "मावशी, लिव्हर गेलंय. इतक्या वर्षांची दारू आहे. आता घोटसुद्धा विष आहे यांना. सोडली तर काही दिवस मिळतील."

त्यांना मी एवढंच सांगितलं, की पायाला सूज आहे म्हणून मीठ बंद.

तू एकदा येऊन जा. दुसरं काही मागत नाही.

आई


कोल्हार, ता. ६ फेब्रुवारी १९७२

गोरक्ष,

तुझं कार्ड आलं. "दारू सोडली तर येईन. नाहीतर आसाराम गेला तिथंच त्यांनाही जाऊ द्या, मला कळवू नका." पोस्टमननं ते वाचलं असणार. हातात देताना माझ्याकडं पाहिलं नाही.

आसारामचं नाव तू इतक्या दिवसांनी पहिल्यांदा लिहिलंस. तुझ्या बरोबरीचा, बनुबाईचा एकुलता. पोळ्याचे बैल धुवायला गेला, वरून धरणाचं पाणी सोडलेलं, धार वाढली आणि वाहून गेला. आणि ज्या माणसानं या नदीतून इतकी प्रेतं वर काढली तो काठावर पिऊन पडलेला. तू सगळ्या गावापुढं म्हणालास, "तुमाला मेलेलीच काढता येत्यात." ते माझ्या कानात अजून आहे. त्यांच्याही असेल. त्या दिवसानंतर ते किती प्याले हे तू पाहिलं नाहीस.

तुझ्या कार्डातलं पहिलं वाक्य तेवढं मी त्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "कधी येतो म्हनला?"

"सोडली की."

"मग सोडली."

उद्या सोमवार. उद्यापासून बंद. छपरात दडवलेली सायकलची ट्यूब त्यांनी स्वतः काढून दिली. तिच्यात भट्टीवरून आणलेली दारू अर्धी शिल्लक होती, ती उकिरड्यावर ओतली. मला म्हणाले, "आतल्या खोलीत बसतो. भायेरनं कडी घाल. मी वरडलो तरी काढू नको."

तू पुढच्या महिन्यात सुट्टी काढायला हरकत नाही.

आई


कोल्हार, ता. १५ फेब्रुवारी १९७२

गोरक्ष,

इकडं सगळं ठीक. तात्यांना मध्यंतरी ताप येऊन गेला, अशक्तपणा आहे. अजून बोलायची ताकद नाही. तू इतक्यात येण्याची घाई करू नको. त्यांना जरा उभं राहू दे, मग कळवते. म्हैस व्याली, रेडी झाली.

आई


कोल्हार, ता. २ मार्च १९७२

गोरक्ष,

मागच्या पत्रात ताप लिहिलं ते खोटं. ताप नव्हता. पंधरा दिवस झाले, ते पत्र माझ्या मनातून जात नाही. तू सुट्टी मागून बसला असशील, म्हणून आता झालं तसं लिहिते.

सोमवारी सोडली. मंगळवारी हाताला कापरं सुटलं, कपबशी धरवेना, मी चहा पाजला. घाम असा, की सदरा पिळून काढावा. मला वाटलं विष बाहेर पडतंय, बरंच आहे. बुधवारी दुपारी आतून बोलण्याचा आवाज आला. कोणाशी तरी आदबीनं बोलत होते. मी कडी काढली. ते भिंतीला पाठ लावून उभे, आणि समोरची जमीन सगळी मोकळी ठेवलेली.

"राहे, आत ये. पर सांभाळून, कुनावर पाय दिशील."

"कोन हाय हितं?"

"समदी आल्यात. कवाची हुबी हायेत. कोरडी लुगडी दे ह्यान्ला. पानी गळतंय अंगातनं, दिसंना का तुला?"

मी म्हणाले कोणी नाही. तर ते एकेकाचं नाव घ्यायला लागले. पलीकडच्या वाडीचा शिंपी. कालव्यात गेलेल्या दोघी जावा. पुलाच्या कामावरचा मद्रासी मुकादम. वीस वर्षांत डोहातून, कालव्यातून, विहिरींतून त्यांनी ज्यांना वर आणलं ती ही माणसं, गोरक्ष. मला वाटायचं या माणसाला विसरता येतं, म्हणून हे काम जमतं. ते कोणालाच विसरले नव्हते. कोणाच्या अंगावर काय होतं तेसुद्धा सांगत होते.

"आसारामला फुडं बसू दे," म्हणाले. "त्याला लई थंडी वाजतीया."

मग त्यांचे डोळे वर फिरले. अंग ताठ झालं, दातखीळ बसली, झटके यायला लागले. ओठ चावून रक्त आलं. शेजारचा छगन धावत आला आणि म्हणाला, "भायेरची बाधा हाय वहिनी, देवरुषाला बोलवा." डॉक्टरकडं माणूस पाठवला, तर डॉक्टर श्रीरामपूरला गेलेला. झटका ओसरला, तासाभरानं दुसरा आला. मला दिसत होतं की तिसरा यांना सोसायचा नाही.

मी छगनला त्यांच्याजवळ बसवलं आणि नदीकाठच्या बाभळीत भट्टीवर गेले. तिथं बाईमाणूस कधी गेलं नव्हतं. भट्टीवाला मला बघून उभाच राहिला. "वहिनी, तुमी कशाला आला? मी धाडली असती," म्हणाला. मी पदराखाली बाटली घेऊन आले आणि चमच्यानं पाजली, तान्ह्या लेकराला पाजतात तशी. घटकाभरानं हात थांबले. माणसं दिसायची थांबली. झोपले.

शुक्रवारी डॉक्टर आला. चिडला. म्हणाला, "एवढ्या वर्षांच्या सवयीचं शरीर आहे, एकदम तोडली तर असंच होतं. दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन सोडवायची असते. कोंडून ठेवलं तर माणूस मरतो." मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुलाही माहीत नसणार.

तेव्हापासून मीच मोजून देते, सकाळ-संध्याकाळ. तुझी अट मोडली. मोडली ती मी, त्यांनी नाही.

आणखी एक लिहिते. तुला वाटतं चटक लागली म्हणून पितात. ही सुरू कशी झाली ते मी पाहिलंय. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. डोहात तीन दिवसांचं प्रेत तरंगत होतं, भर उन्हाळा, कोणी हात लावीना. तात्या तेव्हा बावीस वर्षांचे, पंचक्रोशीत त्यांच्यासारखा पोहणारा नाही. मयताचा भाऊ हात जोडून आमच्या अंगणात आला. "रंगनाथ, एवढी घे. मंग वास लागनार न्हाई." ती पहिली. तोवर या घरात दारू आली नव्हती. काम झाल्यावर ते चार दिवस जेवले नाहीत.

मग जो बोलवायला यायचा तो बाटली घेऊनच यायचा. तात्या मयताचे पैसे घ्यायचे नाहीत, मग लोकांनी दुसरं काय द्यायचं? त्यात कोणाच्या मनात पाप नव्हतं. आधी बुडी मारण्यापुरती घ्यायचे, मग झोप लागण्यापुरती, मग सकाळी उठवत नाही म्हणून. तू चालायला लागलास तोवर घरात रोजची झाली होती.

येऊ नकोस असं म्हणत नाही. पण सोडली म्हणून येत असशील तर ते खरं नाही.

आई


नगर, ता. १९ एप्रिल १९७२

गोरक्ष,

हे पत्र मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा भाऊ तुमच्या नागापूरलाच कामाला आहे, त्याच्या हाती देते. तुझी खोली इथून चार मैलांवर आहे म्हणतो.

एक तारखेला सकाळी तोंड धुताना तात्यांना रक्ताची उलटी झाली. पाट्याएवढा दगड लाल झाला. साखर कारखान्याच्या ट्रकमध्ये घालून इथं आणलं. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर आकसून गेलंय, रक्ताला पुढं वाट मिळत नाही, म्हणून अन्ननळीतल्या शिरा फुगून फुटतात. पोटात सुई घालून बादलीभर पाणी काढलं. तिसऱ्या दिवशी पोट पुन्हा तेवढंच. अंगावर कुठं नुसतं धरलं तरी काळंनिळं होतं. भान येतं-जातं.

इथं आल्यापासून दारू बंद आहे. औषधं देऊन बंद केली, तेव्हा मागच्यासारखं काही झालं नाही. अठरा दिवस झाले. हात थरथरत नाही. काल स्वतः पेला धरून पाणी प्याले. तुझी अट होती, म्हणून कळवते.

पण त्या अटीवर तू यावंस असं मला आता वाटत नाही. आधी हे वाच.

आसाराम गेला त्या साली नागपंचमीला तू त्यांना शपथ घातलीस. आठवतं? ती त्यांनी पाळली होती. चोवीस दिवस पाळली. चिडायचे, घामाघूम व्हायचे, पण घेतली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी कालव्यात एक पोर बुडाली, तिचं लग्न होऊन दोन महिने झालेले. तिच्या घरचे बोलवायला आले. तात्यांनी न पिता बुडी मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा. तू तेव्हा मळ्यात होतास.

घरी आले ते गोठ्यात जाऊन बसले. तिच्या माणसांनी दिलेली बाटली मला दिली, बूच न काढलेली. "टाकून दे कुठंतरी," म्हणाले. जेवले नाहीत, आडवे झाले नाहीत. सकाळी मी शेण काढायला गेले तर तसेच बसलेले, आणि स्वतःच्या हातांकडं बघतायत. मला म्हणाले, "हिरवा चुडा हुता गं. कोपरापातुर."

मला ते बघवेना. सणाचा दिवस, पुरण शिजत होतं, तू बैलांच्या शिंगांना रंग लावत होतास. मी बाटली टाकली नव्हती, कणगीमागं ठेवली होती. तांब्यात ओतून नेली. ते नको म्हणाले. दोनदा म्हणाले, "पोराची शपथ हाय." मी म्हणाले, "घ्या एवढी. झोप लागंल. गोरक्षाला मी सांगते."

उपाशी पोटी सगळा तांब्या प्याले. मग डोळा लागला. तासाभरानं नदीवर ओरडा झाला.

तू त्यांना उठवायला आलास. ते उठले, धावले, काठावर गुडघ्यावर पडले आणि तिथंच कलंडले. तू उडी टाकलीस. तुला आसाराम मिळाला नाही. मग वर येऊन तू जे बोललास ते बोललास. मी तुझ्यापासून पाच पावलांवर उभी होते. त्यांनी मान उचलून माझ्याकडं पाहिलं. मी बोलले नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

तू बोचकं बांधलंस तेव्हाही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता त्यांनीच बुडी मारून आसारामला वर आणला, खांद्यावर घेऊन बनुबाईच्या दारात नेला, हे तुला माहीत नसेल. तू पहिल्या गाडीनं निघून गेला होतास.

नंतर किती वेळा म्हणाले मी, की गोरक्षाला खरं लिहिते. ते म्हणायचे, "कशाला? तू हायेस म्हनून घरला कार्ड येतं. तुझ्यावर बी रुसला तर त्याला घर ऱ्हानार न्हाई."

म्हणून मी त्यांच्या जिवावर तुझी चांगली आई राहिले. आता राहवत नाही. यायचं तर ये. माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

आई


कोल्हार, ता. २८ मे १९७२

गोरक्ष,

दशक्रियेनंतर तू गेलास, तेव्हापासून तुझं कार्ड नाही. मी वाट पाहिली, आता मीच लिहिते.

पत्र पोचलं त्याच संध्याकाळी तू आलास. कारखान्यातल्या तेलकट कपड्यांनी तसाच. त्यांना तेव्हा भान होतं. "काम जड हाय का रं?" विचारलं त्यांनी. तू म्हणालास, "न्हाई तात्या." एवढंच बोलणं झालं दोघांचं. मग नऊ दिवस तू पायाशी बसलास, ओलं पुसलंस, कूस बदललीस, आणि ते झोपेतच बुडत गेले. शेवटचे दोन दिवस हाकेला ओ नव्हती. माझ्याशी तू कामापुरतं बोललास. मी तेवढ्याचीही आशा धरली नव्हती.

बनुबाईला मी सांगितलं. तिच्या ओट्यावर बसून, तुला लिहिलं तेच. तिनं सगळं ऐकलं. मग उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. तेव्हापासून ती पाण्याला दुसऱ्या विहिरीवर जाते, लांब पडते तिला. मी तिची वाट अडवत नाही.

आता तुझं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तू माठावर पाणी प्यायला वाकलास आणि मला वास आला. वीस वर्षं तो वास माझ्या अंथरुणात होता, मला फसवून चालत नाही. तरी मी मनाला सांगितलं, दवाखान्यातल्या स्पिरिटचा असेल. दहाव्याला घाटावर तुझ्या हातातून पिंड निसटला. लोक म्हणाले, बापाचं दुःख आहे. मी तेही ऐकून घेतलं.

काल तुझ्या खात्यातला कानिफनाथ आला होता. त्याच्या गावाला जाताना मुद्दाम उतरला. म्हणाला, महिनाभरात तू निम्मे दिवस कामावर नाहीस, परवा तुला मशीनवरून बाजूला केलं. मी विचारलं, तात्या गेल्यापासून का? तो म्हणाला, "न्हाई काकू. नागापूरला आला तवापासून घेतो. आमाला वाटायचं घरापासनं लांब हाय म्हनून. घेतली की उजव्या हाताकडं बघत बसतो. काय झालं इचारलं तर काय न्हाई म्हनतो."

म्हणजे तू ते कार्ड लिहिलंस, 'सोडली तर येईन,' तेव्हा तूही पीतच होतास.

मी रागावलेली नाही. मला कोणत्या तोंडानं रागावता येईल?

गुरुवारच्या सकाळच्या एस.टी.नं मी निघते आहे. म्हैस छगनच्या दावणीला बांधली. तू स्टँडवर आला नाहीस तरी चालेल, खोली मी विचारत येईन. मी येईपर्यंत एकदम बंद करून कडी लावून बसू नकोस, ते कसं होतं ते मी पाहिलंय. आधी दोघं त्या दवाखान्यात जाऊ. तिथल्या डॉक्टरांनी तात्यांची सोडवली तेव्हा काही त्रास झाला नव्हता. तुझं वय बावीस आहे. डॉक्टर म्हणत होते, लवकर थांबलं तर लिव्हर सावरतं. तात्यांच्या वेळी ते म्हणण्याची वेळ गेली होती.

आणि एक. वीस वर्षांत तात्यांना मी जेवलात का विचारलं, घेतलीत का विचारलं, किती घेतलीत विचारलं. डोळ्यांपुढं काय येतं, हे एकदाही विचारलं नाही. भीती वाटायची, की सांगतील. विचारण्यापेक्षा तांब्या भरून देणं सोपं होतं.

तू त्या दिवशी आसारामच्या मागं उडी टाकलीस. किती वेळ पाण्यात होतास. वर आलास तो तात्यांवर ओरडतच आलास, आणि आम्ही सगळे तुझं ओरडणंच ऐकत राहिलो. खाली पाण्यात काय झालं, तुझ्या हाताला काय लागलं आणि काय सुटलं, हे तुला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मी विचारणार आहे. एका दिवसात सांगवलं नाही तर दोन दिवसांनी सांग, महिन्यानं सांग. मी तिथंच बसलेली असेन.

आई